अर्धा टन बर्फ

युसुफ पहिल्यांदा आमच्या वर्कशॉपवर आला तेव्हा त्याने दारातूनच विचारलं, "वहिनी, साहेब आहेत का?"

मी कॉम्प्युटरवरून मान वर केली. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात दिवसभर हिंदी, मल्याळम, अरबी कानावर पडायचं. मराठी बोलणारा माणूस आला तर तो बहुधा देणगीचं पावतीपुस्तक घेऊन यायचा. हा तर उंच, काळा, कुरळ्या केसांचा, डोक्यावर भरतकामाची टोपी घातलेला माणूस होता.

"पुण्यात बी.एस्सी. केलं," तो हसून म्हणाला. "चार वर्षं मेसमध्ये जेवलो. शेवटी शेवटी शिकरणसुद्धा आवडायला लागली होती."

ही शहाण्णव सालची गोष्ट. माझे यजमान श्रीनाथ तांडेल हे मूळचे हर्णैचे. घरची होडी होती, पण रेफ्रिजरेशनचा डिप्लोमा करून त्र्याऐंशी साली ते शारजाला आले. सात वर्षं दुसऱ्याकडे नोकरी करून मग एका स्थानिक अरबाच्या स्पॉन्सरशिपवर स्वतःचं वर्कशॉप काढलं. चिलर, कोल्ड रूम, बर्फाची मशीनं. सात कामगार, त्यांच्यावर अलीमियाँ नावाचे हैदराबादी फोरमन, आणि ऑफिसात मी. कोटेशन, पत्रं, रिपोर्ट, सगळं मीच टाईप करायची. श्रीनाथना मशीनमधलं सगळं कळायचं, पण चार ओळी लिहायच्या म्हटलं की घाम फुटायचा.

युसुफ उंबाणी नावाच्या देशाचा होता. आफ्रिकेच्या बाजूची तीन बेटं, साठ हजार लोकवस्ती. मी माझ्या मुलीच्या, तनयाच्या, शाळेच्या नकाशात शोधलं तर ठिपकासुद्धा सापडला नाही. युसुफ तिथल्या मच्छीमार खात्यात अधिकारी होता. युरोपातल्या कुठल्या तरी निधीने त्यांना मासेमारीच्या विकासासाठी पैसे दिले होते आणि त्याला सहा गावांसाठी सहा बर्फाची मशीनं हवी होती. रोज अर्धा टन बर्फ देणारी.

"एक टनाची घ्या," श्रीनाथ म्हणाले. "किमतीत फार फरक नाही. दीड-दोन हजार दिरहॅम जास्त. म्हणजे आपले वीसेक हजार रुपये."

"नको. अर्धाच हवा."

"अहो, उद्या मासे जास्त आले तर?"

"तेच तर नको आहे," युसुफ म्हणाला.

मग त्याने समजावून सांगितलं. त्याच्या गावांत बर्फ नसल्यामुळे दुपारच्या आत मासे विकावे लागत. किनाऱ्यावर व्यापारी उभे असत, ते देतील तो भाव. उरलेलं सडायचं, पुरून टाकायला लागायचं. म्हणून माणसं दोनदा समुद्रात जायची, जास्त मारायची, जास्त सडवायची. बर्फ मिळाला तर एकदाच जातील, कमी मारतील आणि चांगल्या भावाने विकतील. पण बर्फ भरमसाट मिळाला तर मोठ्या होड्या येतील, आणि दहा वर्षांत खडकांमध्ये काही उरणार नाही. त्याने गावागावात बसून हिशेब केला होता. त्या समुद्रातून वर्षानुवर्षं जेवढं काढता येईल, तेवढ्याला अर्धा टन बर्फ पुरत होता.

हर्णैला ट्रॉलर आले तेव्हा श्रीनाथ शाळेत होते. त्यांच्या वडिलांची होडी त्यानंतर पाच वर्षांत किनाऱ्यावर पडून कुजली.

"हे आमच्याकडे कोणी तरी सांगायला हवं होतं," ते म्हणाले, आणि त्यांनी ऑर्डर घेतली.

मशीन चालवायला युसुफला बायका हव्या होत्या. पुरुष दिवसभर समुद्रावर असत. एका बाईने शारजाला येऊन शिकायचं आणि परत जाऊन बाकीच्या पाच जणींना शिकवायचं, असं ठरलं. त्याप्रमाणे दोन महिन्यांनी मरियम आली. पंचेचाळिशीची, ठसठशीत, आयुष्यभर मासे विकलेली बाई. अलीमियाँनी पहिल्याच दिवशी तिची मरियमबी केली.

तिला हॉटेलात ठेवायचं तर निधीच्या कागदावर तशी तरतूद नव्हती. ती आमच्या शारजातल्या रोला भागातल्या फ्लॅटमध्ये राहिली, तनयाच्या खोलीत. तनया तेव्हा अकरा वर्षांची. पहिले दोन दिवस माझ्यामागे लागली होती, "आई, व्हाय माय रूम?" तिसऱ्या दिवशी मरियमबी तिच्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घालत बसली होती.

हिंदी सिनेमे बघून मरियमबी हिंदी शिकली होती. त्यामुळे ती साधं पाणी मागतानासुद्धा कोणी तरी मरायला टेकलंय अशा थाटात मागायची. आम्ही दोघी सकाळी मासळीबाजारात जायचो. मी मूळची मुरूडची, मला मासा कळतो असा माझा समज होता. मरियमबी कल्ला उघडायचीसुद्धा नाही. डोळ्याकडे बघून सांगायची, "ये परसों का है." विकणारा चिडायचा आणि दुसरा काढून द्यायचा. ती कुपा माशाचं नारळाच्या दुधातलं कालवण करायची. तसं कालवण मी नंतर पुष्कळदा करून बघितलं, जमलं नाही.

अलीमियाँना ती काही शिकेल असं वाटत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तिची परीक्षा घ्यायची म्हणून मशीनमधला थोडा गॅस गुपचूप काढून घेतला आणि मशीन चालू करून दिलं. मरियमबीने मीटरकडे बघितलंच नाही. तिने पाईपवर तळवा ठेवला, कॉम्प्रेसरला कान लावला आणि म्हणाली, "चाचा, इसको प्यास लगी है."

अलीमियाँ त्यानंतर तिला स्वतःच्या डब्यातला खट्टा, चिंचेचं हैदराबादी सार, खाऊ घालायला लागले.

जाताना मी तिला वहीत तक्ते आखून दिले. तारीख, किती तास चाललं, किती बर्फ निघाला, डिझेल किती लागलं. तिला तिच्या भाषेत अरबी अक्षरांत लिहिता येत होतं. सत्त्याण्णवच्या सुरुवातीला मशीनं बसली आणि पुढे दर महिन्याला सहाही गावांचे तक्ते आमच्याकडे येत गेले. मी ते फाईलला लावायची. एक मशीन एकदा अकरा दिवस बंद पडलं होतं, दुसरं एकदा चार दिवस. बाकी रोज अर्धा टन.

युसुफची पत्रं यायची. मासे सडणं जवळपास थांबलंय. व्यापारी आता भाव विचारतात, सांगत नाहीत. मरियमबीच्या गावात तर बायकांनी एकत्र येऊन शाळेवर पत्रे घातले. पत्राच्या शेवटी मराठीत, मोडक्या अक्षरात, "वहिनींना नमस्कार."

ही दोन वर्षं बरी गेली.

अठ्ठ्याण्णव साली तेलाचे भाव पडले आणि आमच्याकडची कामं थांबली. दोघा कामगारांना आम्ही सुट्टी म्हणून घरी पाठवलं आणि परत बोलावलं नाही. पण पुढे जे झालं ते नुसतं पोटासाठी झालं असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर सोपं होईल. श्रीनाथना छोटी मशीनं करण्याची लाज वाटायला लागली होती. त्यांच्या मागून आलेले लोक तीनशे-चारशे टनांची कोल्ड स्टोरेजेस बांधत होते, मोठ्या हॉटेलात एकमेकांना भेटत होते. हे मात्र अजून स्वतः हातात पाना घेऊन उभे.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये रुपेश आला. दुबईतल्या एका कन्सल्टन्सीत होता, मूळचा ठाण्याचा, तिशीचा. इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉप, वागायला अगदी घरच्यासारखा. मला काकू म्हणायचा, ह्यांना सर. त्याच्या फर्मला दुबईच्या एका गुंतवणूकदाराने उंबाणीचं काम दिलं होतं. राजधानीच्या धक्क्यावर तीनशे टनांचं कोल्ड स्टोरेज, परदेशी बोटींना परवाने, मासे थेट दुबईला आणि तिथून पुढे.

त्याने आमच्या टेबलावर लॅपटॉप उघडून चित्रं दाखवली. निळं पाणी, हसणारी मुलं, वर इंग्रजीत मोठ्या अक्षरात सस्टेनेबल.

"म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"म्हणजे टिकाऊ, काकू. असा विकास जो टिकतो."

"मग ती सहा मशीनं टिकली आहेत की."

रुपेश हसला. "काकू, अर्ध्या टनाने देश उभा राहतो का? एक्स्पोर्ट पाहिजे. फॉरिन एक्स्चेंज पाहिजे. त्या लोकांना कायम गरीब ठेवायचं का आपण?"

तो इतक्या कळकळीने बोलत होता की त्याला ते खरंच वाटत असावं.

अडचण एवढीच होती की त्या युरोपातल्या निधीचे पैसे युसुफच्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी, म्हणजे आणखी दहा गावांत छोटी मशीनं बसवण्यासाठी, ठेवलेले होते. ते कोल्ड स्टोरेजकडे वळवायचे तर पहिला टप्पा जमला नाही असं दिसायला हवं होतं. आणि ते मशीन बनवणाऱ्यानेच म्हटलं तर प्रश्न मिटत होता.

"फक्त एक टेक्निकल नोट, सर. दोन पानं," रुपेश म्हणाला. "रेफ्रिजरेशनचं पूर्ण काम तुमच्याकडेच येईल. तुमच्याइतकं ते बेट कोणाला माहीत आहे?"

श्रीनाथनी आठ दिवस विचार केला. म्हणजे आठ दिवस ते जेवताना बोलले नाहीत. मग एका सकाळी हाताने लिहिलेला कागद माझ्यापुढे ठेवला. बरीचशी वाक्यं रुपेशची होती, ते लगेच कळत होतं. यंत्रं स्थानिक परिस्थितीला अनुकूल नाहीत. वारंवार बंद पडतात. देखभाल परवडणारी नाही. आणि खाली, चालवणाऱ्यांची क्षमता अपुरी.

त्या ओळीपाशी मी थांबले.

"हे मरियमबीबद्दल आहे," मी म्हटलं.

"कोणाचं नाव नाही त्यात."

"अहो, फाईलमध्ये सगळे तक्ते आहेत. पंधरा दिवस, दोन वर्षांत. तेही सहा मिळून."

"कुमुद, मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी बनवलीत ती मशीनं. टाईप कर."

मी टाईप केलं. "अपुरी"ऐवजी "मर्यादित" अशा अर्थाचा इंग्रजी शब्द घातला. तेवढंच माझं बंड. त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्यांनी सही केली आणि मी शिक्का मारला.

महिन्याभराने युसुफचा फोन आला. लाईन खरखरत होती. मी नाव ऐकून श्रीनाथकडे पाहिलं, त्यांनी हाताने नको म्हणून सांगितलं.

"साहेब साईटवर आहेत," मी म्हटलं.

"वहिनी, कोणी तरी त्यांच्या नावाने खोटा रिपोर्ट दिलाय," युसुफ म्हणाला. "मी मंत्र्यांना सांगितलं, श्रीनाथसाहेब असं लिहिणार नाहीत. मला त्यांचं एक पत्र पाहिजे. पाच ओळी. मीटिंग गुरुवारी आहे."

मी काय बोलले असेन? म्हटलं, "निरोप देते."

माझ्या आवाजावरून त्याला कळलं असणार. मग तो हळू म्हणाला, "वहिनी, तुमच्याकडे सगळे तक्ते आहेत ना? नुसती त्यांची कॉपी फॅक्स करा. पत्रसुद्धा नको."

फॅक्स मशीन माझ्या उजव्या हाताला होतं. श्रीनाथ समोर बसले होते, खिडकीबाहेर बघत.

"विचारून सांगते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. गुरुवार आला, गेला. मला कोणी अडवलं नव्हतं. श्रीनाथ बुधवारी दिवसभर बाहेर होते, ऑफिसात मी एकटीच होते.

निधीचे पैसे कोल्ड स्टोरेजकडे वळले आणि सहा गावांना खात्याकडून मिळणारं डिझेल बंद झालं. दोन हजार सालच्या नोव्हेंबरात कोल्ड स्टोरेजचं उद्घाटन झालं. श्रीनाथ चार महिने तिथेच होते. उद्घाटनाला मीही गेले, नैरोबीवरून एका छोट्या विमानाने. रिबिनी, बँड, मंत्री, रुपेश नव्या सुटात. मशीनरी मात्र सुंदर झाली होती, खोटं कशाला बोलू. श्रीनाथ तिच्यासमोर उभे राहून फोटो काढून घेत होते आणि मी त्यांना इतकं खूश फार वर्षांत पाहिलं नव्हतं. युसुफ कुठे दिसला नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, त्याची बदली दुसऱ्या बेटावर लवंगांच्या खात्यात झाली.

दुसऱ्या दिवशी मी टॅक्सी करून मरियमबीच्या गावाला गेले. श्रीनाथ म्हणाले, तू जा, मला काम आहे.

मशीनची खोली मला लांबूनच ओळखता आली, कारण तिचे पत्रे आमच्या वर्कशॉपमधूनच गेले होते. दाराला कुलूप होतं. मरियमबी घराबाहेर बसून दोरी वळत होती. मला बघून उठली, माझे दोन्ही हात धरले, तनया कशी आहे विचारलं, चाचा कसे आहेत विचारलं. मला वाटलं, तिला काही माहीत नाही.

मग तिने मला आत बसवलं आणि म्हणाली, "युसुफने मला वाचून दाखवलं."

ती माझ्यासमोर येऊन बसली.

"त्यात लिहिलंय, मशीन चालवणाऱ्या बायकांना जमत नाही. दीदी, कोणत्या दिवशी मला जमलं नाही? तारीख सांग. माझ्याकडे वही आहे, आपण बघू."

"मरियमबी, तसा एकही दिवस नाही."

"मग कोणी लिहिलं?"

"सही साहेबांची आहे," मी म्हटलं. मग म्हणाले, "टाईप मी केलं."

ती ओरडेल, रडेल, मला बाहेर काढेल अशी मी वाट बघत होते. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, मासळीबाजारात माशाच्या डोळ्याकडे बघायची तशी. नंतर उठून चुलीकडे गेली.

"पाहुणा आला की जेवून जातो," ती पाठमोरी म्हणाली. "तुझ्याकडे मी तीन आठवडे जेवले आहे."

तिने भात वाढला आणि एक डबा उघडला. बांगड्याचा टिनचा डबा. त्यावर दुबईच्या आयातदाराचा शिक्का होता. बाहेर दारातून समुद्र दिसत होता, चाळीस पावलांवर. मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं, "मोठ्या बोटी बाहेर जाळी लावतात. आमच्या होड्यांना जे मिळतं ते सकाळीच धक्क्यावर विकतो. तिथे त्यांच्याकडे बर्फ आहे ना."

मी ते सगळं खाल्लं. ती माझ्याबरोबर जेवली नाही.

परत आल्यावर मी हळूहळू ऑफिसला जाणं कमी केलं. गुडघे दुखतात म्हटलं. श्रीनाथनी रुचा नावाची एक मुलगी ठेवली, इथेच वाढलेली, चटपटीत. वर्कशॉप मोठं झालं. उंबाणीच्या कामाच्या जोरावर श्रीनाथना आणखी तीन कामं मिळाली. दोन हजार तीनमध्ये आम्ही दुबईला अल बर्शात राहायला आलो. तेव्हा तिथे इमारती नुकत्या उठायला लागल्या होत्या, अर्ध्या प्लॉटवर नुसती वाळू. आमच्या दोघांत भांडण कधी झालं नाही. उंबाणी हा शब्द घरात उच्चारायचा नाही, एवढंच ठरून गेलं, न ठरवता.

त्याच वर्षी तो शब्द पेपरात आला. आतल्या पानावर, चार ओळी. परदेशी बोटींना पुरेसे मासे मिळेनात, म्हणून त्या दुसरीकडे गेल्या आणि कोल्ड स्टोरेज बंद झालं. तीन वर्षं. युसुफने दहा म्हटली होती, तो फारच आशावादी होता.

मी वर्कशॉपवर गेले, जुन्या कपाटातून ती फाईल काढली आणि सगळ्या तक्त्यांच्या कॉपी काढल्या. रुचाने विचारलं, "आंटी, हेल्प करू का?" मी नको म्हटलं. घरी येऊन त्या निधीच्या ऑफिसला पत्र लिहिलं. पहिला रिपोर्ट खोटा होता, मशीनं उत्तम चालत होती, रिपोर्ट मी स्वतः टाईप केला, पुरावे सोबत जोडले आहेत. खाली सही केली, कुमुद तांडेल. मग श्रीनाथना वाचायला दिलं.

त्यांनी दोनदा वाचलं. "आता पाठवून काय होणार?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"माझं नाव जाईल."

"हो," मी म्हटलं.

ते उठून आत गेले. मला वाटलं होतं ते पत्र फाडतील. त्यांनी ते टेबलावर तसंच ठेवलं होतं. मी दुसऱ्या दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. आपल्या पत्राबद्दल आभार. सदर प्रकल्प नियमानुसार पूर्ण झालेला असून अंतिम मूल्यमापनात त्याला समाधानकारक श्रेणी मिळालेली आहे. फाईल बंद करण्यात आली आहे. सोबत एक रंगीत माहितीपत्रक होतं, छोट्या बेटांच्या टिकाऊ विकासाबद्दल.

श्रीनाथचं नाव कुठेही गेलं नाही. त्यांना जरा सुटल्यासारखं वाटलं, आणि ते माझ्यापासून लपवावं असंही त्यांना वाटलं, हे मला दिसलं.

पुढच्या वर्षी, दोन हजार चारच्या फेब्रुवारीत, रुपेशने फोन करून विचारलं, शुक्रवारी जेवायला येऊ का, एक सरप्राईज आहे. मी पुरणपोळीचा घाट घातला नाही, साधाच स्वयंपाक केला. बेल वाजली, दार उघडलं तर रुपेशच्या शेजारी युसुफ उभा. टोपी नव्हती. राखाडी सूट, गळ्यात ऑफिसचं कार्ड. रुपेशच्या फर्मचं.

"वहिनी," तो म्हणाला, "शिकरण केलीत ना?"

मला त्याला बघून भरून आलं. मी खरोखरच केळी आणायला खाली वॉचमनला पाठवलं.

जेवताना सगळं कळलं. आठ महिन्यांपासून तो दुबईत होता, छोट्या बेटांचा तज्ज्ञ म्हणून. बायको-मुलंही आली होती. दोन मुली इंग्रजी शाळेत. रुपेश त्याचं कौतुक करत होता. "सर, युसुफला ग्राउंडवरचं इतकं माहितेय, क्लायंट एकदम इम्प्रेस होतो." श्रीनाथ खाली बघून जेवत होते. युसुफने त्यांच्याशी जुन्या कशाचाही विषय काढला नाही. उलट वर्कशॉप किती वाढलं म्हणून अभिनंदन केलं.

जेवण झाल्यावर रुपेश आणि श्रीनाथ बाल्कनीत गेले. युसुफ ताटं उचलायला माझ्यामागे स्वयंपाकघरात आला. मग त्याने दार लोटलं.

"वहिनी, तुम्ही एक पत्र पाठवलं होतं."

"हो. तू मागितलं होतंस. चार वर्षं उशिरा पाठवलं."

"ते त्यांच्या सिस्टिममध्ये आहे," तो म्हणाला. "फाईल बंद झाली, पण पत्र राहिलं. आता आम्ही दुसऱ्या बेटांसाठी बिड करतोय. त्याच निधीकडे. तिथे कोणी तरी ते पत्र काढलं आणि विचारलं."

"बरं झालं."

"बरं नाही झालं, वहिनी. त्यांनी मला विचारलं. तेव्हा खात्यात मी होतो ना." त्याने कोटाच्या खिशातून एक कागद काढला. "तीन ओळी आहेत. त्या वेळी तुमची मनःस्थिती ठीक नव्हती, तक्त्यांबद्दल तुमचा गैरसमज झाला होता, एवढंच. तुम्ही सही केलीत तर विषय खलास."

कागद टाईप केलेला होता. मी तो वाचला, चष्मा लावून, सावकाश.

"युसुफ, ते तक्ते तुझे आहेत. अर्धा टन तुझा होता."

"माहीत आहे."

"मग?"

"त्या गुरुवारी मी मीटिंगमध्ये एकटा बसलो होतो," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "सगळे माझ्याकडे बघत होते. मंत्री म्हणाले, तुझे मित्रच असं म्हणतात. मी तीन वर्षं लवंगा मोजल्या, वहिनी. पगार सहा-सहा महिने येत नव्हता. तेव्हा मला पत्र पाहिजे होतं. आता मला नोकरी पाहिजे."

तो बरोबर बोलत होता. मी कागद घडी घालून त्याच्या खिशात परत ठेवला.

"मी सही करणार नाही."

"तुम्हाला आता परवडतं," युसुफ म्हणाला. मग दार उघडून बाहेर गेला आणि रुपेशच्या कुठल्या तरी विनोदावर हसला.

बिड त्यांनाच मिळालं, माझ्या सहीवाचून. ज्या बेटांसाठी मिळालं त्यांचं नाव मी मुद्दाम विचारलं नाही. श्रीनाथना रेफ्रिजरेशनचं काम देऊ केलं होतं. त्यांनी घेतलं. त्या सकाळी त्यांनी बॅग भरताना मला विचारलं, "तू काही म्हणणार नाहीस?" मी म्हटलं, गोळ्या वरच्या कप्प्यात ठेवल्यात.

त्या उन्हाळ्यात वर्कशॉपच्या नंबरवर माझ्यासाठी निरोप आला. मुनीर नावाच्या कोणी तरी दिला होता, शारजातला पत्ता होता. इंडस्ट्रियल एरियातच, माशांच्या एका पॅकिंग कंपनीच्या मागची खोली. मी टॅक्सीने गेले. दुपारची सुट्टी होती. एका खोलीत दहा माणसं, दुमजली खाटा, खिडकीला पुठ्ठा. मुनीर पस्तिशीचा असेल. मरियमबीचा जावई. हातावर बर्फाने चिरलेल्या खुणा, बोटांना पट्ट्या. बावीस वर्षं समुद्रावर गेलेला माणूस, आता ओमानहून आलेले मासे साफ करून खोक्यात भरत होता. बाराशे दिरहॅम सांगितले होते, हातात सातशे येत होते. म्हणजे आठ हजार रुपये, असा हिशेब मी सवयीने मनात केला आणि माझी मलाच शरम वाटली.

मी त्याला फळं दिली. मरियमबी कशी आहे विचारलं. बरी आहे, म्हणाला. गावात आता म्हाताऱ्या आणि लहान मुलंच उरलीत.

"मुनीर, इथे त्रास असेल तर सांग," मी म्हटलं. "आमचं वर्कशॉप इथून दोन गल्ल्यांवर आहे. साहेबांना सांगून काही तरी बघते. चांगलं काम, चांगला पगार."

तो अवघडला.

"अम्मीने आपको सलाम बोला है," तो शेवटी म्हणाला. "बोली, जाके मिलना, उनकी बेटी का हाल पूछना।" मग थांबून, अगदी अदबीने, त्याने पुढचंही सांगितलं. "और बोली, उनसे काम मत माँगना।"

सुट्टी संपल्याची घंटा झाली. तो उठला, रबरी बूट चढवले आणि मला फाटकापर्यंत सोडायला आला.